चार किलो उतरले, पण कशाचे?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी कुस्तीपटू विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ५० किलो गटाची अंतिम लढत न खेळताच ती बाद झाली. दोन दिवसांनी, ९ ऑगस्टला, अमन सेहरावतनं ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. उपांत्य लढत हरल्यावर त्याचं वजन ६१.५ किलोंवर गेलं होतं. सुमारे दहा तासांत त्यातले ४.६ किलो उतरवून तो पुन्हा काट्यावर उभा राहिला होता.

या दोन बातम्यांवरून अमरावतीच्या एका घरात मामा-भाचीचं अजूनही वाजतं. मामा शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. शिक्षण अमरावतीच्याच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ साली सुरू झालेलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेलं हे मंडळ त्यांच्या बोलण्यात रोज एकदा तरी येतंच. दर्यापूरकडे त्यांची थोडी कपाशीची शेती आहे. भाची अकोल्यात आहारतज्ज्ञ आहे. मे महिन्यात मामांच्या मुलाचं लग्न निघालं, शेरवानी पोटावर घट्ट होऊ लागली, आणि जुन्या वादाला ताजं कारण मिळालं.

मुलानं सहा दिवस भाकर, पोळी, भात सगळं सोडलं. मीठ जवळजवळ बंद केलं. पाणी निम्म्यावर आणलं. वर रोज संध्याकाळी अंगात प्लास्टिकचं जॅकेट घालून तो मैदानावर धावायला जायचा. काटा ८६ वरून ८२ वर आला.

"पाह्य व बाई," मामा म्हणाले, "सहा दिवसांत चार किलो. तुमच्या डायटवाल्या महिन्याले दोन किलो सांगतात."

"चार किलो काय उतरलं, मामा?"

"काय म्हंजे? वजन."

"वजन कशाचं?"

मामांना हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटला. काटा काही खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाचीनं मग त्यांना त्यांच्याच शेतात नेलं. कापूस घेऊन सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर गेलं की ग्रेडर आधी काय करतो, असं तिनं विचारलं. "ओलावा मोजते," मामा म्हणाले. "आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव. पुढं बारापर्यंत टक्क्यामागं कपात. बाराच्या वर गेला तं घेतच नाही." ओल्या कापसाचा क्विंटल काट्यावर क्विंटलच भरतो, तरी त्याला कोणी क्विंटलभर कापूस म्हणत नाही. "मग पोराच्या चार किलोंतला ओलावा कोण मोजणार?" भाचीनं विचारलं.

ही गोष्ट वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. ओलाव्यापायी भाव पडल्याचं दुःख त्यानं दर हंगामात सोसलेलं असतं. स्वतःचं शरीर काट्यावर चढवताना मात्र हा सगळा हिशेब विसरला जातो. या लेखाचा रोख त्या विसरण्यावर आहे, कारण त्यातून दोन्हीकडून नुकसान होतं. पाणी गेलं की माणूस चरबी गेली म्हणून खूश होतो आणि जिवाशी खेळतो; पाणी परत आलं की चरबी परत आली म्हणून खचतो आणि चांगलं चाललेलं डायट सोडून देतो.

भाचीनं वहीच्या पाठीमागं हिशेब मांडला. शरीरातली किलोभर चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. चार किलोंचे झाले ३०,८०० आणि दिवसाला पाच हजारांवर. ८६ किलोंचा, जरा धावपळ करणारा तरुण दिवसभरात खर्च करतो जेमतेम २,७०० च्या आसपास. "म्हणजे मामा, यानं सहा दिवस अन्नाचा कण खाल्ला नसता, तरी सगळा खर्च चरबीतून निघाला असं धरून सव्वादोन किलोंच्या वर चरबी जात नाही. आणि हा तर दोन वेळा पनीर अन् काकडी खाऊन होता."

"मंग बाकीचे गेले कुठं?"

बाकीचे मुख्यतः तीन वाटांनी गेले होते. पहिली वाट ग्लायकोजेनची. आपण खाल्लेल्या भाकरीतली, भातातली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. हा साठा कोरडा नसतो. स्वीडनमधल्या ओल्सन आणि सॉल्टिन यांनी १९७० साली दाखवलं, की ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन-चार ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पोळी-भात बंद केला की दोन-तीन दिवसांत हा साठा उपसला जातो आणि त्याच्यासोबतचं पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथंच गेले. दुसरी वाट मिठाची. शरीरात नऊएक ग्रॅम मीठ अडलं की लिटरभर पाणी त्याच्याबरोबर थांबतं. मीठ कमी झालं की ते पाणी सुटतं. शिवाय पिष्टमय पदार्थ कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात. तिसरी वाट घामाची. एवढं सगळं वजा केल्यावर चरबीच्या वाट्याला फार तर किलोभर उरतो.

"घामात तं चरबीच असते ना," मामांचा सूर जरा खाली आला होता. "आम्ही आखाड्यात सांगत होतो, घाम गाळा, चरबी वितयते."

हा समज अमरावती-अकोल्यातच नव्हे, जगभर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब मांडला. दहा किलो चरबी शरीरात जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि उरलेल्या १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे चरबी मुख्यतः नाकावाटे जाते. घामात पाणी आणि मीठ असतं, आणि त्याचं काम अंग थंड करण्याचं. जॅकेट घातल्यानं घाम जास्त येतो, पण तो वाळत नाही, त्यामुळे अंग थंडही होत नाही.

मामांनी आपला हुकमी पत्ता टाकला. "मंग अमननं केलं ते काय व्हतं? तो बी पान्यानंच उतरला ना? मेडल तं घेऊन आला."

भाचीनं हे लगेच मान्य केलं, कारण तिच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच होता. दहा तासांत अमनची चरबी नावाला गेली असेल. कुस्तीचा सराव, गरम पाण्याची अंघोळ, ट्रेडमिल आणि सॉना यांनी त्याच्या अंगातलं पाणी काढलं गेलं. काट्यावरून उतरताच ते भरून काढायला सुरुवात झाली. पैलवानाला ते वजन एका सकाळपुरतं हवं असतं, त्याची चरबी आधीच कमी असते, आणि भोवती डॉक्टर, प्रशिक्षक, पोषणतज्ज्ञ उभे असतात. विनेशच्या बाबतीत तेच पाणी उलटलं. पहिल्या दिवशी सकाळी ती वजनात बसली, तीन कुस्त्या खेळली, शक्ती टिकावी म्हणून तिला खायला-प्यायला दिलं, आणि संध्याकाळी ती मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरली. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी नंतर सांगितलं, की रात्रभर सगळे उपाय केले, अगदी केसही कापले. एका दिवसात काही किलो अंगात येतात आणि जातात, हे याहून स्पष्ट कुठं दिसेल? त्यात चरबीचा प्रश्नच नव्हता.

"आणि मामा, हे पैलवानालाही नेहमी झेपत नाही," ती म्हणाली. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात विद्यापीठांतले तीन तरुण पैलवान वजन उतरवता उतरवता गेले. रबरी सूट, गरम खोली, पाणी बंद, वर व्यायाम असा तो प्रकार होता. त्यानंतर तिथल्या विद्यापीठ कुस्तीत सॉना आणि रबरी सूटवर बंदी आली, हंगामाआधी लघवी तपासून शरीरात पुरेसं पाणी आहे की नाही हे पाहायला सुरुवात झाली.

"अन् हा आपला अकोला-अमरावतीचा मे महिना आहे," भाची म्हणाली. तिला एवढं कडक बोलताना मामांनी क्वचितच ऐकलं होतं. "पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. इथं सॉना वेगळा लावायची गरजच नाही. त्यात पाणी निम्मं, मीठ बंद, अंगात प्लास्टिक. लग्नाच्या मांडवात हा चक्कर येऊन पडला असता तर?" मुलाला तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. लघवी गर्द पिवळी, दुपारी डोकं दुखतं, रात्री पायात गोळे येतात, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. त्या संध्याकाळी जॅकेट कपाटात गेलं आणि लिंबू-साखर-मिठाचं पाणी सुरू झालं. मामांनी त्याला विरोध केला नाही. वादाचा हा भाग इथंच संपायला हवा होता आणि तो संपला.

लग्न लागलं. शेरवानी बसली, जरा ओढूनच. दोन दिवस पंगती झाल्या. मठ्ठा, जिलेबी, आलुबोंडे, वांग्याची भाजी. सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी काटा ८५ वर होता आणि नवरदेवानं जाहीर केलं, की डायट-बियट सगळं बेकार आहे.

इथं भाचीच्या बोलण्यात चिडीपेक्षा कळकळ जास्त होती. तिच्या मते डायट सर्वांत जास्त मोडतात ते याच दिवशी. तिनं पुन्हा तोच हिशेब उलटा केला. तीन किलो चरबी चढायला २३,१०० कॅलरी जास्तीच्या लागतात. दोन दिवसांच्या पंगतीत कितीही हात सैल सोडला तरी एवढं पोटात जात नाही. ग्लायकोजेनची कोठारं पुन्हा भरली, त्याच्यासोबतचं पाणी आलं, मठ्ठ्यातलं आणि भाज्यांतलं मीठ आलं, आणि न पचलेलं अन्न आतड्यांत होतं. चरबी फार तर काहीशे ग्रॅम वाढली असेल. "ज्या दिवशी चार किलो उतरले त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले," ती म्हणाली, "आणि आज तुमचं तोंड उतरलंय. दोन्ही वेळा पाणीच होतं."

मामा मात्र इतक्या लवकर हार मानणारे नव्हते, आणि त्यांचं पुढचं म्हणणं वजनदार होतं.

"तुहं सगयं खरं," ते म्हणाले. "पन मानसाले सुरुवातीले काही दिसलं नाही तं तो टिकत नाही. म्या चाळीस वर्षं पोरं पाह्यली. पयल्या आठवड्यात फरक दिसला तं दुसऱ्या आठवड्यात येतात. पान्याचं असो का कायचं असो, काटा हलला पाह्यजे." वर त्यांनी दोन वेळा जेवणाच्या योजनेचं उदाहरण दिलं. विदर्भातले डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेला तो विचार: कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण उरका, मधे काही खाऊ नका, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मामांच्या ओळखीतल्या अनेकांनी ते धरलं, आणि पहिल्या पंधरवड्यात उतरलेल्या वजनाच्या जोरावरच ते पुढं टिकले, असा मामांचा अनुभव.

भाचीनं हे नाकारलं नाही. पहिल्या आठवड्याचं पाणी अन्न बदलल्यामुळे गेलं असेल, तहान मारून नव्हे, तर त्यात धोका नाही, आणि त्यानं हुरूप येत असेल तर येऊ द्यावा. तिची अट एकच: माणसाला आधीच सांगून ठेवावं. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले तर दुसऱ्यात अर्धाच जाईल, आणि तो अर्धाच खरा. हे न सांगता सोडलं की तिसऱ्या आठवड्यात माणूस म्हणतो, "आता माझं शरीर ऐकेना." खुद्द दीक्षितांच्या योजनेतही वजनाबरोबर पोटाचा घेर मोजायला आणि रक्ताच्या तपासण्या करायला सांगितलेलं आहे, याची तिनं मामांना आठवण दिली. लोक काटा तेवढा लक्षात ठेवतात आणि टेप विसरतात.

उलट्या बाजूची फसगत तर याहून क्रूर, आणि तिच्याकडे येणाऱ्या बायकांच्या वाट्याला ती जास्त येते. महिनाभर नेमानं खाल्लेलं असतं, चाललेलं असतं, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो वर जातो. चरबी कमी होत असते, पाणी तिला झाकून टाकतं. नव्यानं व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरतं, रक्तातलं पाणीही वाढतं. तेव्हाही काटा हटून बसतो. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, उपासमारीत शरीराचं काय होतं ते समजावं आणि युद्धानं उपाशी ठेवलेल्यांना सावरता यावं म्हणून. त्या तरुणांनी आपल्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा गमावला, पण त्यांचे पाय आणि चेहरे सुजले होते. बरगड्या मोजता येतील अशा माणसांच्या अंगात साठलेलं पाणी काट्यावर वजन म्हणून मोजलं जात होतं.

"मंग मोजाव कशानं?" मामांनी विचारलं. "काटा फेकून द्याव काय?"

फेकू नये, यावर दोघांचं एकमत झालं, आणि या मुद्द्यावर मामांची बाजू जास्त बरोबर होती असं म्हणावं लागेल. काही आहारतज्ज्ञ काटा बघूच नका म्हणतात. मामांचं म्हणणं, रोज बघा, लिहून ठेवा. भाचीनं त्यात भर घातली: सकाळी उठून, संडास-लघवी उरकून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, त्याच फरशीवर. रोजचा आकडा मनाला लावून घ्यायचा नाही. रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि तिची गाठ मागच्या रविवारच्या सरासरीशी घालायची. तीन-चार सरासऱ्या सलग खाली येत असतील तर चरबी जातेय. आठवड्याला पाव ते पाऊण किलो हा बहुतेकांसाठी खरा वेग. त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसलं की पाण्याचा संशय घ्यायचा.

आणि टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या वर धोका मानतात. पोरानं सहा दिवसांत चार किलो उतरवले तेव्हा त्याचा घेर ९८ वरून ९७ झाला होता. मामांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. शेरवानी ओढूनच का बसली, याचं उत्तर त्या एका सेंटिमीटरमध्ये होतं.

टेपचं महत्त्व सांगणारं उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो आणि मोजमापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. क्ष-किरणांच्या डेक्सा यंत्रानं मोजलं तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी दडलेली असते, हे याज्ञिकांचं आयुष्यभराचं काम त्या एका पानात सामावलं आहे. बीएमआय दोघांनाही एकच आकडा सांगत होता.

"जिममधी मशीन हाये ना, चरबी सांगते," मामा म्हणाले. मुलगा त्यावरही उभा राहून आला होता. डायटच्या आधी २७ टक्के, चार किलो उतरल्यावर साडेअठ्ठावीस. मशीन बिघडली म्हणून त्यानं ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

भाचीला हा आकडा ऐकून आनंद झाला. ही मशीन शरीरातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडते. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडतो. त्या अडथळ्यावरून ती अंदाज बांधते. अंगातलं पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि चरबी वाढल्याचं दिसतं. म्हणून तिच्या एका दिवसाच्या आकड्यावर फार विसंबू नये. पण इथला हिशेब मजेशीर जुळत होता. ८६ किलोंचे २७ टक्के म्हणजे २३.२ किलो चरबी. ८२ चे साडेअठ्ठावीस टक्के म्हणजे २३.४. "चरबी होती तिथंच आहे मामा. खालून पाणी काढून घेतलं, म्हणून टक्का वर आला."

मिठाचा विषय निघाला तेव्हा मामांना दर्यापूर आठवलं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. अशा पाण्यातून पोटात जाणारं मीठ ताटातल्या मिठात कोणी धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. लोणचं, पापड, ठेचा आणि शेगावची कचोरी यांनी ती दुपारपर्यंतच ओलांडली जाते. उपासाच्या दिवशी शेंगदाण्याची आमटी, भगर आणि साबुदाण्याची खिचडी झाली की दुसऱ्या दिवशी काटा वर गेल्याचं पाहून बाया हिरमुसतात. पिष्ट आणि मीठ दोन्ही भरपूर गेलं, दोघांनी पाणी धरलं, एवढंच त्यात असतं. दोन-तीन दिवस नेहमीचं जेवण झालं की ते उतरतं.

उतरलं नाही तर मात्र थांबू नये. पायावर बोट दाबलं की खळगा राहतो, धाप लागते, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढतात, असं असेल तर तो डायटचा विषय नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासून घ्यावं लागतं. सूज उतरवायला म्हणून कोणाच्या तरी घरातल्या लघवीच्या गोळ्या घेऊन वजन कमी करणारेही भाचीनं पाहिले आहेत. त्या गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चरबीचा एक ग्रॅम त्यानं जात नाही.

चरबी आणि पाणी यांच्या जोडीला एक तिसरा हिस्सेकरी असतो, आणि तो मामांच्या अगदी जिव्हाळ्याचा. उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूंचं मांसही जातं. त्यात बहुतांश पाणीच असल्यानं किलोभर मांस जायला किलोभर चरबीपेक्षा खूप कमी कॅलरी लागतात; म्हणून मांस जात असताना काटा झरझर उतरतो आणि माणूस जास्तच खूश होतो. ते टिकवायचं तर दोन गोष्टी लागतात: पुरेसं वरण, दही, अंडी, आणि स्नायूंना काम देणारा व्यायाम. "तुमचे जोर आणि बैठका," भाची म्हणाली. "नवरदेवाला जॅकेट घालून पळवण्यापेक्षा ते शिकवा." मामांनी लगेच बैठक मारताना टाच कशी ठेवायची ते सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता उठून तांब्याभर पाणी प्यायले.

सहा आठवड्यांची योजना ठरली. दोन भाकरींच्या जागी दीड, दोन्ही वेळा वरण, संध्याकाळचे चिवडा-चहा बंद, पाणी तहानेपुरतं भरपूर, सकाळी उन्हाआधी जोर-बैठका. वहीचं पहिलं पान मामांनी आखलं. आकडा ८५ पासून सुरू करायचा की ८२ पासून, यावर पुन्हा वाद झाला. भाचीच्या सांगण्यावरून चार दिवस थांबून, पाणी स्थिरावू देऊन, मग पहिली सरासरी लिहायची ठरली.

"पाह्य, माहं तं बिना डायटचं उतरून राह्यलं," मामा वही मिटताना म्हणाले. "होळीपासून चार किलो. पट्ट्याले दोन भोकं नवीन पाडली. जेवन तं उलट वाढलं."

भाचीनं पेन खाली ठेवलं. "रात्री किती वेळा उठता?"

"तीन-चार. उन्हाळा हाये, पानी जास्त होते."

"तोंड कोरडं पडतं? थकवा येतो?"

"येते ना. वय झालं."

मामींनीच मग सांगितलं, की तांब्या भरून भरून त्या कंटाळल्या आहेत. भाचीनं मामांना सरळ सांगितलं: रक्तात साखर फार वाढली की ती लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून शरीर चरबीही जाळतं आणि मांसही. खाणं वाढूनही वजन उतरतं ते त्यामुळे. मधुमेहाची ही नेहमीची लक्षणं आहेत, आणि साठीनंतर असं आपोआप उतरणारं वजन दुसऱ्या कारणांसाठीही तपासावं लागतं.

"मंग माहे चार किलो कशाचे?"

"थोडं थोडं तिन्हीचं. सांगता येईल रिपोर्ट आल्यावर." उद्या सकाळी लॅबमध्ये जायचं, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी, सोबत लघवी आणि क्रिएटिनिन, अशी चिठ्ठी तिनं लिहिली आणि संध्याकाळी डॉक्टरांची वेळ फोनवर घेऊन टाकली.

"च्या घेऊन गेलो तं चालते?"

"नाही. रात्री नऊला जेवण उरका, त्यानंतर काही नाही. नुसतं पाणी लागेल तेवढं प्या, ते तोडू नका."